किती लांबचं दिसतं?

गळ्यात दुर्बीण अडकवून घराबाहेर पडलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो : "किती लांबचं दिसतं हो यातून?" हा प्रश्न सोसायटीचा वॉचमन विचारतो, इस्त्रीवाला विचारतो आणि भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेले प्राध्यापकही विचारतात. प्रश्न सरळ आहे, पंचाईत उत्तराची आहे. नुसत्या डोळ्यांना चंद्र दिसतो आणि तो सुमारे ३,८४,००० किलोमीटरवर आहे. हिवाळ्यातल्या अवसेला गावाच्या दिव्यांपासून लांब गेलं तर देवयानी दीर्घिकेचा पुसट ठिपका दिसतो आणि ती २५ लाख प्रकाशवर्षं दूर आहे. म्हणजे लांबचं बघण्याची सोय निसर्गाने जन्मतःच आणि फुकट करून दिलेली आहे. अडचण येते ती समोरच्या आंब्यावर, जेमतेम २० मीटरवर असलेल्या पर्णवटवट्याची. चिमणीहून लहान, पानाच्या रंगाचा आणि एका फांदीवर दोन सेकंदांपेक्षा जास्त टेकायचं नाही अशी शपथ घेतलेला. तो लांब नसतो. तो फक्त दिसत नसतो.

दुर्बीण लागते ती त्याच्यासाठी. पण "लांबचं नाही हो, जवळचंच नीट दिसतं" असं सांगितलं की विचारणाऱ्याचा चेहरा पडतो. जवळचं बघायला कोण हजारो रुपये घालवतो? त्याला आकडा हवा असतो आणि तोही किलोमीटरमध्ये. म्हणून हल्ली मी "पर्वतीवरून सिंहगड दिसतो" असं सांगून मोकळा होतो. ऐकणारा खूश होऊन जातो. पर्वतीवरून सिंहगड तसाही दिसतो, हे आजवर कोणीही बोलून दाखवलेलं नाही.

आपल्याकडे मोठेपणा आकड्यात सांगता यावा लागतो. मार्कांचे टक्के, गाडीचे सीसी, मोबाइलचे मेगापिक्सेल, फ्लॅटचा कार्पेट एरिया. आकडा एकच असावा, चटकन सांगता यावा आणि शेजाऱ्याच्या आकड्यापेक्षा मोठा असावा. दुर्बिणी विकणाऱ्या काही मंडळींनी ही नस अचूक पकडली आहे. दीड-दोन हजारांच्या खोक्यावर एक कमांडो छापलेला असतो. खाली "१००० पट", "दिवसा आणि रात्री", "मिलिटरी क्वालिटी" वगैरे. भिंगं लालभडक चमकतात. भिंग लाल चमकतं याचा अर्थ लाल प्रकाश आत न जाता बाहेरच परत येतोय आणि आत निळसर-हिरवट जग उरतंय, हे गिऱ्हाइकाला कोणी सांगत नाही. त्याला वाटतं, दिवसाढवळ्या रात्रीचं दिसायला लागलं! हजार पटीचं म्हणाल, तर हातात धरलेल्या दुर्बिणीतून खरोखरच हजार पट मोठं दिसलं असतं, तर स्वतःच्या नाडीच्या ठोक्यागणिक समोर भूकंप झाला असता. प्रत्यक्षात असल्या दुर्बिणीच्या दोन नळ्या दोन दिशांना बघत असतात. एका बगळ्याचे दोन बगळे दिसतात आणि तिसऱ्या बगळ्याच्या आत डोकं ठणकायला लागतं.

दुर्बीण निवडण्यातला सगळा घोळ एका वाक्यात सांगायचा तर असा : जे चारचौघांत सांगता येतं त्याचा उपयोग बेताचा असतो आणि ज्याचे खरे पैसे मोजायचे असतात ते कोणालाच दाखवता येत नाही.

मध्यम बजेटवाल्याची यात फार कुचंबणा होते. मध्यम बजेट म्हणजे नेमकं किती, याची माझी व्याख्या आहे. ज्या रकमेला घरातले "एवढे?" म्हणतात आणि पक्षीमित्र "एवढेच?" म्हणतात, ते मध्यम बजेट. आजच्या हिशेबात पंधरा ते तीस हजार धरा. याच्या खाली कमांडो आहे. याच्या बऱ्याच वर ऑस्ट्रिया आहे. तिथल्या टिरोल प्रांतात आब्साम नावाच्या गावी १९४९ साली 'स्वारोव्स्की ऑप्टिक' सुरू झाली आणि तिची सर्वांत भारी दुर्बीण आज आपल्याकडे अडीच-तीन लाखांच्या घरात जाते. हे नाव मी घरात एकदाच उच्चारलं.

"ते खडेवाले का हो?" बायकोचे डोळे चमकले.

"त्याच घराण्यातले."

"मग खडेच घ्या की. निदान कोणाला दिसतील तरी."

दिसण्याबद्दलचा हा मुद्दा बिनतोड होता. मी घाईघाईने तीस हजारांवर उतरलो. तर म्हणाली, "तीस हजारांत फ्रीज येतो."

"फ्रीज आहे ना आपल्याकडे."

"तेच म्हणतेय मी. डोळेही आहेत. आधी मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घ्या, कदाचित त्यातच भागेल."

अर्थसंकल्प असा मांडला जात असताना अमेरिकेतल्या भाच्याचा फोन येतोच. मराठी कुटुंबात कुठल्याही वस्तूची खरेदी अमेरिकेतल्या भाच्याला वळसा घातल्याशिवाय पूर्ण होत नाही. "मामा, इकडे सेल आहे, मी घेऊन येतो." मग तो कधी येणार, कस्टमवाले काय म्हणतील, तिकडची वॉरंटी इकडे चालेल का, यावर दिवाळी ते गुढीपाडवा चर्चा होते. भाचा येतो तेव्हा बॅगेत चॉकलेटं असतात, बदाम असतात, कोणाच्या तरी गुडघ्यांच्या गोळ्या असतात. दुर्बीण पुढच्या खेपेला असते.

शेवटी माणूस दुकानात जातो आणि ८×४२ आणि १०×४२ यांच्यामध्ये उभा राहतो. पहिला आकडा किती पट मोठं दिसतं त्याचा, दुसरा पुढच्या भिंगाच्या व्यासाचा, मिलिमीटरमध्ये. दोन्ही दुर्बिणी एकाच कंपनीच्या, दिसायला जुळ्या, किमतीत किरकोळ फरक. अशा वेळी दहा सोडून आठ घेणं आपल्या संस्कारात बसत नाही. दहापैकी आठ म्हणजे दोन मार्क गेले कुठे, हा प्रश्न लहानपणापासून पाठीला चिकटलेला असतो.

गेलेल्या दोन मार्कांचा हिशेब मी केला आहे. ८० मीटरवरचा पक्षी आठ पटीच्या दुर्बिणीतून १० मीटरवर आल्यासारखा दिसतो आणि दहा पटीच्या दुर्बिणीतून ८ मीटरवर. म्हणजे भांडण आहे ते दोन मीटरांचं. या दोन मीटरांपायी पक्षीमित्रांत तट पडले आहेत, सहलीच्या गाड्या वेगवेगळ्या झाल्या आहेत. दहावाले आठवाल्यांना नवखे समजतात. आठवाले दहावाल्यांना 'थरथरे' म्हणतात, कारण जे दहा पट मोठं होतं त्यात हाताचा कंपही आलाच. सिंहगडाच्या दरीत सकाळी चढ चढून गेल्यावर छाती भात्यासारखी वरखाली होत असताना दहा पटीतून स्वर्गीय नर्तक बघितला, तर त्याची लांब पांढरी शेपटी त्याच्या इच्छेविरुद्ध नाचताना दिसते.

दुसरी गोष्ट देखाव्याच्या रुंदीची. आठ पटीच्या बऱ्या दुर्बिणीत एक किलोमीटर अंतरावरचा सुमारे १३० मीटर रुंदीचा पट्टा मावतो, दहाच्यात ११० मीटरच्या आसपास. आंबा २० मीटरवर असेल, तर हा फरक जेमतेम हातभर भरतो. हातभराने काय होतं, असं दुकानात वाटतं. पर्णवटवट्या कायम त्याच हातभरात असतो.

दुसरा आकडा तर आणखी दुर्लक्षित. खरं म्हणजे त्याला पहिल्याने भागायचं असतं. ४२ भागिले ८ म्हणजे सव्वापाच. दुर्बिणीतून डोळ्याकडे येणारा प्रकाशाचा झोत ५.२५ मिलिमीटर जाड. आता डोळ्याची बाहुली बघा. भर उन्हात ती २-३ मिलिमीटर असते. अंधारात तरुण माणसाची ७ मिलिमीटरपर्यंत उघडते आणि साठीकडे सरकताना पाचच्या आसपास आटते. जहाजावर वापरतात त्या ७×५० दुर्बिणीतून ७.१ मिलिमीटरचा झोत येतो. साठीच्या गृहस्थाने ती घेतली, तर प्रकाशाचे पैसे पूर्ण भरायचे आणि त्यातला निम्माअधिक बुबुळावर सांडून द्यायचा. उलट खिशात मावणारी १०×२५ घेतली तर झोत अडीच मिलिमीटर. ती दुपारी बारा वाजता उत्तम चालते. पक्षी पहाटे उठतात, तेव्हा ती झोपलेली असते. थोडक्यात, दुर्बीण ही वय बघून घ्यायची वस्तू आहे. पण वय विचारणारा दुर्बीणवाला मला अजून भेटायचाय. विमावाले विचारतात ते वेगळ्या कारणाने.

यानंतर खोक्यावरची भाषा सुरू होते. साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश माघारी फिरतो. दुर्बिणीत असे दहा पृष्ठभाग धरले, तर डोळ्यापर्यंत पोचता पोचता एक तृतीयांश प्रकाश गळालेला असतो. १९३५ साली त्साइस कंपनीतल्या अलेक्झांडर स्माकुला यांनी यावर भिंगावर अतिशय पातळ लेप देण्याचा उपाय काढला. काही वर्षं जर्मनीने तो लष्करी गुपित म्हणून जपला. आता तो खोक्यावर ठळक अक्षरांत छापतात आणि तरीही तो गुपितच राहिला आहे. कारण त्याच्या चार पायऱ्या आहेत. 'कोटेड' म्हणजे कुठल्या ना कुठल्या पृष्ठभागावर लेप आहे. 'फुली कोटेड' म्हणजे सगळ्यांवर आहे, पण एकेकच थर. 'मल्टी-कोटेड' म्हणजे कुठे तरी अनेक थर आहेत. 'फुली मल्टी-कोटेड' म्हणजे सगळीकडे अनेक थर. विवाहविषयक जाहिरातींत गोरी, निमगोरी आणि गव्हाळ यांतला फरक तीन पिढ्या वाचत आलेल्या समाजाला हे जड जाऊ नये. तरी जातं. दुकानदार सांगतो, "साहेब, कोटिंग आहे याला," आणि साहेब समाधानाने मान हलवतात.

मध्यम बजेटचा बराचसा पैसा या असल्या थरांत जातो. रंगांच्या कडा फुटू नयेत म्हणून ईडी काच, आत धुकं धरू नये म्हणून कोंडलेला नायट्रोजन, पाणी शिरू नये म्हणून रबरी सील. यातली एकही गोष्ट पाहुण्यांपुढे ठेवता येत नाही. "आत नायट्रोजन आहे" असं मी आमच्या शेजारच्या काकांना सांगितलं, तर ते म्हणाले, "टायरमध्ये भरतात तो? पंपावर आता फुकट मिळतो."

मग येतो आकाराचा प्रश्न. यामागे चारशे वर्षांचा इतिहास आहे आणि त्यातलं पहिलं गिऱ्हाईक मला फार जवळचं वाटतं. १६०८ साली हॉलंडमधल्या हान्स लिपरहे नावाच्या चष्मेवाल्याने आपल्या दुर्बिणीसाठी सरकारकडे पेटंट मागितलं. सरकारी मंडळींनी नळीतून बघितलं, पसंतीची मान डोलावली आणि सांगितलं, एका डोळ्याने काय बघायचं, दोन्ही डोळ्यांनी बघता येईल अशी करून आणा. बिचाऱ्याने तशा करून दिल्या. पैसे बरे मिळाले, पेटंट मात्र मिळालं नाही, कारण ही युक्ती एव्हाना इतरांनाही ठाऊक झाली होती. वस्तू हातात आल्या आल्या "यात अजून काय देता?" विचारायचं आणि ते पदरात पाडून घेऊनही मुख्य मागणी फेटाळायची! हे गिऱ्हाईक पुढच्या जन्मी तुळशीबागेत आलं असणार.

दोन डोळ्यांची दुर्बीण झाली तरी ती आखूड करून प्रतिमा सुलटी ठेवणं बाकी होतं. इटलीच्या इग्नात्सिओ पोरो यांनी १८५४ साली लोलकांची अशी मांडणी काढली, की प्रकाश आत घड्या घालत जातो, नळी आखूड होते आणि उलटी प्रतिमा सरळ होते. त्साइसने १८९४ मध्ये अशा दुर्बिणी बाजारात आणल्या. त्या खांद्यात रुंद असतात. जुन्या युद्धपटांत सेनापती टेकडीवर उभा राहून डोळ्यांना लावतो, ती पोरो. हल्लीच्या सरळ नळ्यांच्या सडपातळ दुर्बिणी 'रूफ' जातीच्या. त्यांचे लोलक जास्त अचूक घासावे लागतात, त्यावर १९८८ पासून वापरात आलेला एक खास लेप द्यावा लागतो, एका पृष्ठभागाला आरशासारखं चकचकीत करावं लागतं. एवढं सगळं केलं की त्या पोरोच्या बरोबरीला येतात. म्हणून कमी पैशांत पोरो सरस. पण पोरो अंगाने मोठी आणि पाण्यापावसाला हळवी. डोकं म्हणतं पोरो घे. मान म्हणते रूफ घे, दिवसभर गळ्यात मलाच बाळगायची आहे. ग्रुप फोटोत कुठली शोभेल, हे मन आधीच ठरवून बसलेलं असतं.

चष्मेवाल्यांसाठी आणखी एक अट असते आणि आपल्याकडे पक्षी बघायला येणाऱ्यांत चष्मा नसलेला माणूसच दुर्मीळ. मागच्या भिंगापासून डोळा किती लांब ठेवून पूर्ण देखावा दिसतो, ते अंतर चष्मेवाल्याला निदान १५-१६ मिलिमीटर हवं. नाही तर मधला छोटा गोल दिसतो आणि भोवती काळोख. डोळ्याजवळच्या रबरी वाट्या चष्मेवाल्याने आत फिरवून ठेवायच्या, बिनचष्म्याच्याने बाहेर काढायच्या. निम्म्या दुर्बिणींच्या वाट्या जन्मभर फिरत नाहीत. त्या फिरतात, हे मालकाला ठाऊकच नसतं. तो दर वेळी चष्मा कपाळावर ढकलतो, दुर्बीण लावतो, पक्षी उडतो, चष्मा खाली ओढतो आणि विचारतो, "कुठला होता?"

दुकानात दुर्बीण तपासणं ही एक सामाजिक परीक्षा आहे. काउंटरच्या आतून समोरच्या कपाटातले कॅमेरे बघून काहीही कळत नाही. दारात यावं लागतं. दारात येऊन एक माणूस रस्त्यावर दुर्बीण रोखून उभा राहिला, की रस्ता थांबतो. दोघे-तिघे तो बघतोय तिकडे बघायला लागतात. एक जण हळूच विचारतो, "काय झालं? आग लागली का?" अशा वेळी विचलित न होता तारेवरचा कावळा शोधावा. दुर्बिणीचा याच्याइतका कडक परीक्षक नाही. पांढऱ्या आभाळावर काळा कावळा. काच हलकी असेल, तर त्याला एका बाजूने जांभळी आणि दुसऱ्या बाजूने हिरवट किनार दिसते, पैठणीला शोभेल अशी. मग हात लांब करून, उजेडाकडे धरून मागच्या भिंगांतले प्रकाशाचे गोल बघावेत. ते गोलच असले तर ठीक. त्यांच्या कडा चौकोनी कापल्यासारख्या दिसल्या, तर लोलकात काटकसर झाली आहे असं समजावं. शेवटी समोरच्या दुकानाची पाटी वाचावी, मधली अक्षरं आणि कडेची अक्षरं सारखीच वाचता येतात का ते बघावं. मी हे करत असताना समोरचा दुकानदार बाहेर येऊन म्हणाला, "पाटी कायदेशीर आहे साहेब. मराठीत आहे, अक्षर मोठं आहे." मी महापालिकेचा माणूस नाही, हे त्याला पटवायला माझ्याकडे पुरावा नव्हता.

दुर्बीण घरी आल्यावर संशयाचं क्षेत्र सोसायटीपर्यंत आक्रसतं आणि त्या प्रमाणात दाट होतं. गच्चीवर सकाळी साडेसहाला दुर्बीण घेऊन उभ्या असलेल्या पन्नाशीच्या पुरुषाबद्दल समाजाचं मत झटकन तयार होतं. मी तांबट बघत होतो. तो पिंपळाच्या शेंड्यावर बसून ठोके घालत असतो आणि पिंपळ बी विंगच्या समोर आहे. यात माझा काही दोष नाही. तिसऱ्या मजल्यावरचे पडदे ओढले गेले. संध्याकाळी सेक्रेटरी भेटले.

"काय बघत होतात सकाळी?"

"पक्षी."

"कुठल्या मजल्यावरचे?"

मी त्यांना तांबट दाखवायचं ठरवलं. दुसऱ्याला दुर्बिणीतून पक्षी दाखवणं हे शिकवणीचं काम आहे. पहिल्यांदा बघणारा माणूस दुर्बीण डोळ्यांना लावून मग पक्षी शोधायला लागतो आणि त्याला फक्त पानं, आभाळ आणि पुन्हा पानं दिसतात. करायचं असतं उलट. नुसत्या डोळ्यांनी पक्ष्यावर नजर खिळवायची आणि नजर न हलवता दुर्बीण मध्ये आणायची. त्याआधी दोन डोळ्यांच्या नंबरातला फरक मिटवायचा असतो. उजवा डोळा झाकून मधल्या चाकाने डाव्यासाठी स्पष्ट करायचं, मग डावा झाकून उजव्या भिंगाजवळची चकती फिरवायची. एकदा बसलेली ही चकती पुन्हा हलवायची नसते. आमच्या घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याने ती हलवली आहे. ज्याला मधलं चाक सापडत नाही त्यालाही ती चकती पहिल्या झटक्यात सापडते. सेक्रेटरींनीही ती फिरवली, बराच वेळ आभाळ न्याहाळलं आणि म्हणाले, "छान दिसतं! टाकीचं झाकण कोणी तरी उघडं ठेवलंय." सोसायटीला माझ्या दुर्बिणीचा झालेला हा पहिला उपयोग.

एवढं सगळं ज्ञान मिळवून माणूस भिगवणला जातो. उजनीच्या फुगवट्यावर हिवाळ्यात रोहित येतात, पट्टकदंब येतात आणि पुण्या-मुंबईच्या गाड्या येतात. नावेत एका बाजूला तोफेच्या आकाराच्या लेन्सा घेतलेले कॅमेरेवाले. ते पक्षी बघत नाहीत, नंतर घरी जाऊन बघतात. दुसऱ्या बाजूला आम्ही दुर्बीणवाले, एकमेकांच्या गळ्यांकडे चोरून बघणारे. मागे काठी धरून नावाडी. तो एकदम म्हणतो, "सायेब, त्या खुंटावर ऑस्प्रे. मासा धरलाय पायात." आम्ही सगळे त्या दिशेला दुर्बिणी लावतो. खुंटच सापडत नाही. "त्याच्या डावीकडं बगा, पाण्यातून निघालेली बाभळ, तिच्या फुडं." बऱ्याच वेळाने पक्षी सापडतो. पायात मासा असतो. नावाड्याकडे दुर्बीण नसते. कधी काळी कोणी तरी त्याला एक दिली होती, ती तो पाहुण्यांना वापरायला देतो.

पक्षी दुर्बिणीने सापडत नाही. सापडलेला पक्षी दुर्बिणीने नीट दिसतो, एवढंच. सापडण्यासाठी डोळे, कान आणि त्याच पाण्यावर काढलेली वर्षं लागतात आणि ती मध्यम काय, कुठल्याच बजेटमध्ये येत नाहीत. हे कळल्यावर दुर्बिणीच्या किमतीची भीती बरीच कमी होते. तीस हजारांत आपण लांबी विकत घेत नसतो. तासभर बघूनही डोकं दुखत नाही, चष्मा काढावा लागत नाही, भुरभुर पावसात ती पिशवीत लपवावी लागत नाही, पहाटेच्या अपुऱ्या उजेडातही पोपटी आणि हिरवा वेगळे कळतात, याचे ते पैसे असतात. दुखलं नाही, अडलं नाही, भिजलं नाही. न घडलेल्या गोष्टींची ही यादी लग्नाच्या पंक्तीत सांगून कोणावर छाप पडत नाही.

आपल्या हवेत दुर्बीण सांभाळायची म्हणजे आणखी एक न घडणारी गोष्ट सांभाळायची. जुलैत कोकणात नि मुंबईत दुर्बीण कपाटात कापडी पिशवीत ठेवली, तर गणपतीपर्यंत भिंगावर बुरशीची नक्षी उमटते. म्हणून घट्ट झाकणाचा डबा आणि त्यात सिलिका जेलच्या पुड्या. औषधांच्या बाटल्यांतून, बुटांच्या खोक्यांतून या पुड्या जमवण्यात आमचं घर आता तरबेज झालं आहे. आणि भिंग पुसायला सदऱ्याचं टोक, पदर, हातरुमाल हे सगळं वर्ज्य. आधी धूळ फुंकणीने उडवायची, मग मऊ कापड. आमच्याकडे ही शिस्त इतकी भिनली आहे, की बायको स्वतःचा चष्मा ओढणीने पुसते आणि मी दुर्बीण ओढणीने पुसायला गेलो तर ओरडते. फ्रीजच्या किमतीची वस्तू आहे, याची आठवण तिला माझ्यापेक्षा जास्त राहते.

आता एवढं वाचून कोणी दुर्बीण घेणार असेल, तर शेवटचा नियम सर्वांत महत्त्वाचा. मध्यम बजेटची दुर्बीण घेतल्यावर दुसऱ्याच्या महागड्या दुर्बिणीला डोळा लावू नये. नांदूर मधमेश्वरला, २०२० साली महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून जाहीर झालेल्या त्या पाणथळावर, मनोऱ्यावर शेजारी उभे असलेले एक गृहस्थ आपण होऊन म्हणाले, "बघायचंय यातून?" त्यांच्या गळ्यात ऑस्ट्रिया होती. नाही म्हणणं शिष्टाचाराला धरून झालं नसतं. मी बघितलं. चिखलात शेकाटे चालत होते. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पाय न् पाय स्पष्ट, पाण्यातलं प्रतिबिंबसुद्धा धारदार. एक किलोमीटरवर १५९ मीटरचा पट्टा दाखवणारी दुर्बीण होती ती. माझ्या दुर्बिणीतला, मला इतके दिवस पुरेसा वाटणारा गोल एकदम खिडकीच्या फटीएवढा झाला.

"कशी वाटली?" त्यांनी विचारलं.

मी ती त्यांच्या हातात परत दिली, खांदा जरासा चोळला आणि म्हणालो, "छान आहे. पण जड आहे हो."

आणि ते खोटं नव्हतं. त्यांची ८४० ग्रॅमची, माझी ६३०. घरी येऊन मी ही वजाबाकी बायकोला सांगितली, शेजारच्या काकांना सांगितली, सेक्रेटरींना सांगितली. एवढ्या उठाठेवीनंतर मला एकदाचा चारचौघांत सांगता येईल असा आकडा मिळाला होता. तो लहान होता, पण माझ्या बाजूचा होता.